हातात घेऊन पाहण्याचा बाजार

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला आणि कोल्हापुरातल्या पेंटर बंधूंना, म्हणजे आनंदराव व बाबूराव यांना, चित्रपटाचे वेड लागले. दोघांचेही पोट कुंचल्यावर. नाटकांचे पडदे रंगवण्यात त्यांचा हातखंडा. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर विकत आणला, त्यावर लोकांना चित्रपट दाखवले आणि दाखवता दाखवता त्या यंत्राचे अंतरंग समजून घेतले. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून काम पुढे नेले आणि १९१८ मध्ये घरी बनवलेला कॅमेरा चालू करून दाखवला. १९२० चा ‘सैरंध्री’ हे त्याच खटपटीचे फळ.

चित्रपटाच्या इतिहासात त्या जुन्या बाजाराच्या वाट्याला एखादे वाक्य येते आणि लेखक पुढे निघून जातो. मला मात्र त्या वाक्यापाशीच थांबावेसे वाटते. प्रोजेक्टर उघडून कॅमेरा कसा समजावा? तर दोन्ही यंत्रांचा जीव एकच आहे. फिल्म एक घर पुढे ओढायची, क्षणभर थांबवायची, झडप उघडायची, मिटायची, पुन्हा ओढायची. एकात उजेड आत येतो, दुसऱ्यातून बाहेर जातो, एवढाच फरक. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चित्रे दाखवली गेली. त्यांचे यंत्र तर चित्रण, छपाई आणि प्रक्षेपण ही तिन्ही कामे करणारे होते. म्हणजे ज्याच्या हाती प्रोजेक्टर आला आणि ज्याला तो उघडण्याची छाती होती, त्याच्या हाती अर्धा कॅमेरा आलाच. नव्या यंत्राला पेचकस लावायला माणूस धजत नाही. जुन्याला लावतो. त्याचे दडपण आधीच्या मालकाने उतरवलेले असते.

वापरलेल्या कॅमेऱ्यांची समोरासमोर देवघेव करण्याचे मेळावे जगात अनेक ठिकाणी भरतात. त्यांचा इतिहास वाचताना मला आपल्या बैलबाजाराची आठवण होते. बैल घेणारा जबडा उघडून दात पाहतो, जनावर चार पावले चालवतो, खांद्यावर हात फिरवून जू किती ओढले आहे याचा अंदाज घेतो, आणि मग टॉवेलखाली बोटे धरून भाव ठरतो. हेडी कितीही गोड बोलला तरी दात खोटे बोलत नाहीत. बैलाचे वर्णन पत्राने मागवून कोणी बैल घेतल्याचे मी ऐकलेले नाही. वापरलेल्या कॅमेऱ्याचेही तसेच आहे. त्याचे दात कुठे असतात, ते पुढे सांगतो.

पॅरिसच्या नैर्ऋत्येस पंधराएक किलोमीटरवर बिएव्र नावाचे छोटे गाव आहे. १८५८ मध्ये नादार या अवलिया छायाचित्रकाराने याच परिसरात बलूनमधून वर जाऊन आकाशातून छायाचित्र घेतले. ते चित्र आज उपलब्ध नाही, पण हवाई छायाचित्रणाचा इतिहास तिथूनच सांगतात. या बिएव्र परिसरात १९४९ मध्ये जाँ फाज आणि त्यांचे चिरंजीव आंद्रे फाज यांनी हौशी छायाचित्रकारांचा क्लब काढला. वापरात नसलेले कॅमेरे, काचा, पुस्तके गोळा करता करता त्यातून छायाचित्रणाचे संग्रहालय उभे राहिले, आणि १९६४ पासून गावात जून महिन्याच्या सुरुवातीला जत्रा भरू लागली. तिथे दुकानदारही मांडतात आणि घरातल्या कपाटातला एकच कॅमेरा घेऊन आलेला माणूसही मांडतो. फ्रान्समध्ये असल्या मेळाव्यांना ‘बूर्स’ म्हणतात. शेअर बाजारालाही तिथे हाच शब्द आहे. मला तो फार समर्पक वाटतो, कारण इथे भाव कोणी छापलेला नसतो. तो दोन माणसांच्या बोलण्यात तयार होतो.

अमेरिकेत कोडॅकचे गाव म्हणून प्रसिद्ध असलेल्या रॉचेस्टरमध्ये १९६६ साली छायाचित्रणाच्या इतिहासाची हौशी संस्था निघाली. ब्रिटनमधला कॅमेरा संग्राहकांचा क्लब १९७७ चा. लंडनमध्ये वर्षातून एकदा भरणारा त्यांचा बाजार नावाजलेला आहे. जपानची तऱ्हा न्यारी. तिथे टोकियोतल्या गिन्झासारख्या श्रीमंत पेठेतल्या मोठ्या दुकानात, जिथे एरवी किमोनो आणि अत्तरे विकायची, तिथे जुन्या कॅमेऱ्यांचा बाजार कित्येक वर्षे भरत आला. गेनपेई आकासेगावा हा चित्रकार, कादंबरीकार म्हणूनही मान्यता पावलेला. जुन्या कॅमेऱ्यांच्या वेडावर त्याने मोठ्या मिस्कीलपणे लिहिले आहे.

हे सारे १९६० ते १९८० च्या दरम्यानच का उगवले? संग्राहकांची हौस हे उत्तर अपुरे आहे. मला खरे कारण कारखान्यांच्या वागण्यात दिसते. १९४९ च्या सुमारास ड्रेस्डेनमध्ये एक पेचाची खोबण रूढ झाली. तिचा व्यास ४२ मिलिमीटर आणि आटे एक मिलिमीटर अंतरावर. कॉन्टॅक्स आणि प्रॅक्टिका या जर्मन कॅमेऱ्यांनी ती घेतली, पुढे जपानच्या पेंटॅक्सने आणि सोव्हिएत झेनिटनेही घेतली. परिणाम असा की ड्रेस्डेनचे भिंग टोकियोच्या कॅमेऱ्यावर बसे आणि मॉस्कोजवळचे भिंग दोन्हींवर. नळाला तोटी बसावी तसे. अदलाबदलीला याहून सुपीक जमीन कोणती? एकाकडे दोन भिंगे जादा, दुसऱ्याकडे कॅमेरा आहे पण लांब पल्ल्याचे भिंग नाही. दोघे भेटले की काम झाले.

नंतर कंपन्यांनी एकेक करून खोबणी बदलल्या. पेंटॅक्सने १९७५ मध्ये, मिनोल्टाने १९८५ मध्ये, कॅननने १९८७ मध्ये. मिनोल्टा आणि कॅनन यांच्या बाबतीत हा बदल आपोआप फोकस होणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी होता आणि त्यामागे तांत्रिक कारणे होती, हे मान्य. पण आदल्या वर्षी पगाराचे पैसे साठवून घेतलेले भिंग नव्या कॅमेऱ्यावर बसत नाही, हे ज्याला कळले त्याने काय करावे? त्याने ते बाजारात मांडले. जत्रांतल्या टेबलांवर ही अनाथ भिंगे खोक्याखोक्यांनी येऊ लागली. आणि मग गंमत झाली. २००८ नंतर आरसा नसलेले डिजिटल कॅमेरे आले. जुन्या आरशाच्या कॅमेऱ्यात भिंगाची बैठक आणि फिल्म यांच्यामध्ये सुमारे ४५ मिलिमीटर अंतर लागे; या नव्यांत ते वीसच्या आसपास किंवा त्याहून कमी. मधल्या मोकळ्या जागेत धातूची एक साधी पोकळ कडी बसवली की जगातले जवळजवळ कोणतेही जुने भिंग चालते. खोक्यातल्या भंगाराला रातोरात भाव आला. ज्यांनी ती भिंगे टाकून दिली नव्हती त्यांचे घर भरले, आणि टाकू नका असे वीस वर्षे सांगत बसलेले टेबलामागचे म्हातारे एकदम शहाणे ठरले.

आता दातांकडे वळू. जाणकार ग्राहक कॅमेरा हातात घेतो तो आधी कानाला लावतो. शटर एका सेकंदावर ठेवून दाबायचे आणि ऐकायचे. आतल्या बारीक चाकांचे वंगण वाळले असेल तर आवाज मध्येच अडखळतो, म्हाताऱ्या माणसाने जिना चढावा तसा. मग भिंग काढून कापडी पडदा उजेडाकडे धरायचा. सुईच्या अग्राएवढे भोक असले तरी ठिपका चमकतो आणि तोच ठिपका पुढे प्रत्येक फोटोवर उमटतो. भात्याच्या कॅमेऱ्यात अंधारात बॅटरी घालून कोपरे तपासायचे, कारण कातडे आधी घड्यांच्या कोपऱ्यांतच चिरते. सेलेनियमचा प्रकाशमापक असेल तर खिडकीकडे रोखून काटा हलतो का ते पाहायचे. काही कॅमेऱ्यांना पाऱ्याची १.३५ व्होल्टची बटणासारखी बॅटरी लागे. पाऱ्याच्या विषारीपणामुळे ती बहुतेक देशांत बंद झाली. तिच्या जागी साधी १.५ व्होल्टची घातली तर यंत्र चालते, पण माप खोटे देते. विकणारा प्रामाणिक असेल तर हे आपणहून सांगतो.

आपल्या मुलखातला सर्वांत मोठा शत्रू मात्र बुरशी. कोकण, गोवा आणि घाटमाथ्यावरच्या पावसात कातडी पिशवीत घालून ट्रंकेत ठेवलेल्या भिंगावर कोळिष्टकासारखे पांढुरके धागे पसरतात. कातडे ओल धरून ठेवते, ट्रंक हवा कोंडते. भिंगाच्या एका बाजूने बॅटरीचा झोत टाकून दुसऱ्या बाजूने तिरके पाहिले की ते जाळे दिसते. छायाचित्रात किंवा जाहिरातीत ते कधीच दिसत नाही.

आणि एक दात असा आहे की तो कॅमेरा उघडल्याशिवाय मोजताच येत नाही. त्याची गोष्ट शिक्षकांना विशेष आवडेल. रशियन राज्यक्रांती आणि यादवीनंतर निराधार झालेल्या मुलांसाठी युक्रेनमधल्या खारकोव्ह येथे एक श्रमवसाहत काढली होती. तिला फेलिक्स एडमंडोविच झेर्झिन्स्की या सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या प्रमुखाचे नाव होते, आणि तिथले शिक्षण पाहत होते विख्यात शिक्षणतज्ज्ञ अंतोन माकारेंको. अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस कारखाना, अशी ती व्यवस्था. त्या मुलांनी १९३४ पासून जर्मन लायकाची हुबेहूब नक्कल असलेला कॅमेरा बनवायला घेतला. त्याचे नाव फेड, झेर्झिन्स्कीच्या आद्याक्षरांवरून. अनाथ पोरांच्या हातून निघालेले इतके नाजूक यंत्र हा मला शिक्षणाच्या इतिहासातला एक चमत्कार वाटतो, मग त्या राजवटीविषयी माझे मत काही का असेना.

पुढे याच फेडचे आणि १९४८ पासून निघालेल्या त्याच्या धाकट्या भावाचे, म्हणजे झोर्कीचे, नशीब पालटले. सोव्हिएत संघ मोडल्यावर हे कॅमेरे ढिगांनी पश्चिमेकडे आले आणि हिकमती लोकांनी त्यांवरचे मूळ नाव खरवडून लायकाचे नाव, जर्मन विमानदलाचा गरुड, क्वचित सोन्याचा मुलामा असे चढवून ते दुर्मीळ लायका म्हणून विकायला सुरुवात केली. वरून पाहणारा फसतो. पण भिंग पेचातून सोडवून आत डोकावले की भिंगाचे अंतर मोजणारी एक छोटी दांडी दिसते. अस्सल लायकात तिच्या टोकाला गोल चाक असते. फेड-झोर्कीत तिथे पाचरीसारखा तुकडा. जत्रेतला मुरलेला संग्राहक तोंडाने काही बोलत नाही. भिंग फिरवतो, आत पाहतो, परत बसवतो आणि धन्यवाद म्हणून पुढच्या टेबलाकडे जातो. विकणाऱ्याला काय ते समजते. खऱ्या दुर्मीळ लायकांचा व्यवहार वेगळ्याच दुनियेत होतो. जून २०२२ मध्ये जर्मनीतल्या वेट्झलार येथे १०५ क्रमांकाचा, लायकाचे जनक ऑस्कर बारनॅक यांनी स्वतः वापरलेला कॅमेरा १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. मला त्यात फारसा रस नाही. तिजोरीत बंद झालेल्या कॅमेऱ्याला बुरशी लागली काय आणि न लागली काय.

आपल्याकडे अशी जत्रा नाव देऊन भरवण्याची पद्धत फारशी नव्हती. पण बाजार होता, आणि तो गरजेतून आला होता. १९५७ च्या सुमाराची परकीय चलनाची टंचाई आणि त्यानंतरचे आयात परवाने यांमुळे परदेशी कॅमेरा सामान्य माणसाला दुकानात सरळ मिळणे दुरापास्त झाले. आखातातून किंवा आफ्रिकेतून परतणाऱ्याच्या सामानातून तो येई आणि मग या हातातून त्या हातात फिरत राही. देशी म्हणून बडोद्यात तयार होणारा आगफा क्लिक थ्री होता. १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो, आणि तो चालवायला अक्कल लागत नसे, हाच त्याचा गुण. बडोदेकर मराठी कुटुंबांच्या जुन्या आल्बमांतली सहलीची अर्धी चित्रे त्यानेच काढलेली असतील. फिल्मसाठी १९६० मध्ये उटकमंडला सरकारी कारखाना स्थापन झाला. पण लग्ने काढणाऱ्या धंदेवाईकाला याशिका किंवा त्याहून चांगले काही हवे असे, आणि ते वापरलेलेच मिळे. मुंबईत फोर्टच्या गल्ल्या आणि चोरबाजारातली मटण स्ट्रीट, हैदराबादेत कोठीची गुजराती गल्ली, दिल्लीत चांदणी चौक. ही आपली बारमाही जत्रा. १९९१ नंतर आयात सैल झाली, नवे कॅमेरे आले, तरी गल्ल्यांची सवय मोडायला डिजिटल यावे लागले.

आमच्या बेळगाव भागात या व्यवहाराला पंचांगाची जोड होती. आषाढ लागला की लग्ने थांबत आणि स्टुडिओवाले रिकामे होत. बेळगाव, निपाणी, चिकोडी, गोकाक, कधी हुबळी-धारवाडकडचेही लोक, एखाद्या हॉटेलात चहावर बसत आणि पिशव्यांतून सामान बाहेर येई. कोणाचा फ्लॅश, कोणाचा स्टँड, कोणाचे रुंद भिंग. तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा मुहूर्त सुरू होत, त्याच्या आत सगळ्यांना आपली जुळणी करून घ्यायची असे. पैसे थोडेच फिरत. बहुतेक व्यवहार अदलाबदलीचे आणि वर शंभर-दोनशेचा फरक. बोलणे निम्मे मराठीत, निम्मे कानडीत, आकडे हिंदीत. सीमाप्रश्नावर बाहेर मोर्चा निघालेला असतानाही आत ही बैठक बसलेली मी पाहिली आहे. तिथे कोणाला प्रश्न सुटल्यासारखा वाटत होता असे नाही. तिथला विषय शटरचा होता.

१९८९ मध्ये मी माझा पहिला कॅमेरा, दोन भिंगांचा याशिका, अशाच एका हुबळीच्या स्टुडिओवाल्याकडून घेतला. मला फोटो काढता येत होते, पारख येत नव्हती. त्याने भाव सांगण्याआधी मला दारात नेले, मागचे झाकण उघडले आणि म्हणाला, “बेळकिग हिडद नोड्री, सर.” उजेडाला धरून पाहा. मी पाहिले, मला काही दिसले नाही. त्याने माझी मान धरून कोन बदलला, तेव्हा वरच्या कडेला मोहरीएवढा बुरशीचा ठिपका दिसला. स्वतःच्या मालातला दोष त्याने स्वतःच दाखवला, त्याचे पन्नास रुपये स्वतःच कमी केले, आणि पावसाळ्यात कातडी पिशवीत ठेवाल तर वर्षभरात तो रुपयाएवढा होईल अशी ताकीद दिली. मी त्याला मराठीत विचारत होतो, तो कानडीत उत्तरे देत होता, आणि आमचे दोघांचेही अडले नाही. तो ठिपका आजही मोहरीएवढाच आहे आणि एकाही फोटोत कधी आलेला नाही.

२००५ च्या आसपास रोल धुण्याचे काम आटू लागले. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने अमेरिकेत दिवाळखोरीसाठी अर्ज केला, उटकमंडचा कारखानाही पुढे बंद झाला. विक्री फोनवर आली. २०२० च्या साथीत तर जगभरच्या जत्रा थांबल्या आणि राहिलेला व्यवहारही पडद्यावर गेला. त्यात सोय आहे, हे मी नाकारत नाही. चिकोडीत बसून कोलकात्याचे भिंग मागवता येते. पण दोष दाखवणारा हात पार्सलातून येत नाही. गेल्या काही वर्षांत कॉलेजची मुले पुन्हा रोल घालू लागली आहेत. ती मला शटरचा आवाज ऐकवायला येतात, कारण फोनवर ऐकलेला आवाज ठीक की बिघडलेला हे त्यांना ठरवता येत नाही. मुंबई-पुण्याकडे त्यांच्या वयाचे लोक टेबले मांडून बसू लागले आहेत असे ती सांगतात. बरे वाटते.

एक गोष्ट मात्र आपल्याकडे राहून गेली. बिएव्रच्या टेबलांवर कॅमेऱ्यांशेजारी जुने फोटो, आल्बम आणि काचेची निगेटिव्हे असतात आणि त्यांनाही गिऱ्हाईक असते. आपल्याकडे स्टुडिओ मोडला की कॅमेरा विकला जाई आणि काचा गरम पाण्यात धुऊन, वरचा थर खरवडून, देवांच्या तसबिरींना बसवल्या जात. फिल्म चांदीसाठी भंगारात जाई. गणपतीच्या कितीतरी फ्रेमांच्या काचांवर एकेकाळी कोणाच्या तरी आजीचा चेहरा होता.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या एका माजी विद्यार्थ्याने निपाणीकडच्या बंद पडलेल्या स्टुडिओतून एन्लार्जर घेतला. तो पाहायला त्याने मला बरोबर नेले होते. माळ्यावरून यंत्र उतरवताना मागे खपटाची दोन खोकी निघाली, आत काचा, प्रत्येक काच तपकिरी कागदात गुंडाळलेली. मालकाचा मुलगा, साठीचा गृहस्थ, म्हणाला, घेऊन जा, मला जागा हवी आहे. विद्यार्थी म्हणाला, काका, आधी ही माणसे कोण ते सांगा. मग ते गृहस्थ खिडकीपाशी बसले आणि एकेक काच उजेडाला धरून ओळखू लागले: हे तंबाखूचे व्यापारी, ही त्यांची थोरली सून, हे मास्तर, ही चिकोडीच्या वकिलांची मुंज. कागदांवर काही ठिकाणी नावे होतीच, काही मराठीत, काही कानडीत, वडिलांच्या आणि कामाला असलेल्या मुलाच्या हातची. विद्यार्थी पेन्सिलीने पाकिटांवर लिहीत होता. अंधार पडेपर्यंत एकसष्ट काचा झाल्या. दुसरे खोके उघडायचे आहे; त्यासाठी तो दिवाळीच्या सुटीत पुन्हा जाणार आहे, आणि वडिलांच्या वेळी कामाला असलेल्या त्या कानडी गृहस्थांना तोपर्यंत शोधून ठेवतो, असे मालकाच्या मुलाने कबूल केले आहे.